काहूनकाकांचा बडग्या

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं ते निव्वळ आळशीपणापोटी. हे आधीच कबूल केलेलं बरं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही राहायचो महालातल्या एका गल्लीत, आणि कॉलेज पार धरमपेठेकडं. सकाळी आठच्या तासाला सायकल हाणत तिथवर जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. तत्त्वज्ञानाचा तास साडेअकराला होता. शिवाय एका मित्रानं भरवून दिलं होतं, "घे बे, काही बी लिहिलं तं चालते त्यात. गंभीर तोंड करायचं अन् पानं भरायची." मी घेतलं.

पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर हात ठेवून विचारलं, "हे टेबल खरोखर आहे, असं तुम्ही कशावरून म्हणता?" वर्गात आम्ही आठ जण. सात जण खाली मान घालून वहीत काहीतरी लिहायला लागले. माझं डोकं सायकलीनं आणि उकाड्यानं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "सर, डोकं आपटून पाहा, समजेल." सर सभ्य होते. त्यांनी मला फार सभ्यपणे वर्गाबाहेर काढलं.

हे घरी सांगायची सोय नव्हती. बाबा एका कचेरीत कारकून. त्यांचं बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. आईशी तर ते दोनच वाक्यं बोलत असावेत असं मला लहानपणी वाटायचं. एक, "चहा टाक." दुसरं, "तुले काय समजते?" आईनंही कधी उलटून सांगितलं नाही की तिला काय समजतं. म्हणून मी सांगायला गेलो शेजारी, काहूनकाकांकडं.

त्यांचं आणि आमचं घर म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजू. ते रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. पस्तीसेक वर्षं लोखंडी दांडे ओढून गाड्या इकडच्या तिकडं केल्या आणि निवृत्त झाले. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी जबलपूरला दिलेली. ती दर पत्रात लिहायची, बाबा, इकडे या. काका म्हणायचे, "ही गल्ली ज्या दिवशी मले जा म्हणन, त्या दिवशी जाईन." आपल्याकडं लोक 'काहून', म्हणजे 'का', विचारतात ते तक्रारीसाठी. काका खरोखर उत्तर पाहिजे म्हणून विचारायचे, हीच त्यांची खोड होती. दूधवाल्याला म्हणायचे, "दूध पातळ काहून गा आज?" तो म्हणायचा, "म्हशीनं पाणी जास्त पेलं, काका." "म्हशीनं पेलेलं पाणी दुधात उतरते काहून?" दूधवाला सायकलवर टांग टाकून पळायचा. न्हावी त्यांची दाढी करताना मुद्दाम फेस तोंडावर जास्त लावायचा, म्हणजे मधे विचारता येऊ नये. गल्लीनं त्यांना काहूनकाका हे नाव ठेवलं ते तिथूनच.

टेबलाची हकीकत ऐकून ते खूप हसले. म्हणाले, "उत्तर झकास दिलं तू. पण मले सांग, सपनात डोकं आपटलं तं दुखते का नाही?"

"दुखते."

"मग आपटून काय समजलं?"

 खोटं कशाला बोलू, राग आला मला. पण दुसऱ्या दिवशी सायकल हाणताना सगळ्या रस्त्यानं मी तोच विचार करत होतो, आणि वर्गात सरांची माफी मागून पहिल्या बाकावर बसलो.

कॉलेजात आम्हाला जाडजूड पुस्तक होतं. ज्ञान म्हणजे काय, दिसतं ते आणि असतं ते यांत फरक काय, माणूस स्वतंत्र आहे की नाही, जगात वाईट काहून आहे, असे हजारो वर्षं न सुटलेले प्रश्न त्यात ओळीनं मांडलेले. वाचता वाचता मला गाढ झोप यायची. काकांकडं तेच प्रश्न गेले की ते गल्लीत राहायला आल्यासारखे वाटायचे. एकदा आम्ही दोघं इतवारीत सावजी रस्सा खात होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी, काकांच्या नाकातून. काका म्हणाले, "तुले लागून राहिलं ते तिखट अन् मले लागून राहिलं ते तिखट, एकच हाये कशावरून? तुझ्या जिभेत जाऊन मी पाहू शकतो काय?" आणखी एकदा त्यांनी केबिनमधल्या दांड्यांचं सांगितलं. एक दांडा ओढला की दुसरा आपोआप अडकून बसतो, ओढायचा म्हटलं तरी ओढला जात नाही, म्हणून दोन गाड्या एका रुळावर येत नाहीत. "मले पहिली दहा वर्षं वाटलं, गाडी मी सोडतो. मग वाटाले लागलं, दांडे मलेच ओढून राहिले." मी विचारलं, "मग शेवटी काय ठरवलं?" म्हणाले, "ठरवलं काही नाही. पण ड्यूटीवर कधी झोपलो नाही."

अशी दोन वर्षं गेली. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. आणि तो उन्हाळा आला.

नागपूरचा मे महिना काय असतो ते मी सांगत बसत नाही. गल्लीत कूलर एकट्या काकांकडं. पत्र्याचा, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या लावलेला, सुरू झाला की गिरणीसारखा आवाज करणारा. तो त्यांनी मागच्या खोलीत, आमच्या दोघांच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. आणि त्याच महिन्यात, संकष्टीच्या दिवशी दुपारी, आई मधल्या खोलीत गेली आणि जागच्या जागी उभी राहिली. आमच्या बाजूच्या भिंतीवर चुन्यातून ओल उमटली होती, आणि त्या ओलीत गणपती होता. मी स्वतः पाहिला. गोल पोट, वर एक सुपासारखा कान, आणि डावीकडं वळलेली सोंड. चित्रकारानं काढावी तशी.

तासाभरात गल्ली आमच्या घरात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्ल्या. तिसऱ्या दिवशी हुडकेश्वरहून एक बैलगाडी भरून माणसं आली. तेव्हा तिकडं नुसती शेतं होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दोन हात कमी पडायला लागले. आईनं मात्र एक नियम घालून दिला. नारळ नाही, पैसे नाहीत, पाहायचं आणि जायचं. त्यामुळं तिचं नाव आणखीच झालं. बायका आधी भिंतीला नमस्कार करायच्या आणि मग आईच्या पायाला हात लावायच्या. "तुमच्या पुण्याईनं दिसला वं बाई," म्हणायच्या.

आईच्या पायाला हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. ती लाजायची, पाय मागं घ्यायची, पण तिची मान त्या दिवसांत जराशी वर आली होती हे मला दिसत होतं. बाबा पाण्याचा पेला स्वतः उठून घ्यायला लागले. एकदा तर त्यांनी आईला विचारलं, "तू जेवली काय?" मी आणि आई दोघंही चमकलो. बाबांनी भिंतीसमोर तिच्या शेजारी उभं राहून हात जोडले. मीही जोडले. दोन वर्षं तत्त्वज्ञान शिकलेला मी, एक शब्द विचारला नाही. आई सुखात होती, मला तेवढं पुरे होतं.

काका आले ते पाचव्या दिवशी. चष्मा वर सरकवून भिंत पाहिली, हात लावून पाहिला, वास घेतला.  घरी गेले आणि त्यांनी कूलर बंद केला. सेहेचाळीस डिग्रीत, साठी उलटलेला माणूस, तीन दिवस अंगावर ओला पंचा टाकून त्या खोलीत पडून राहिला. पहिल्या दिवशी गणपतीची सोंड गेली. दुसऱ्या दिवशी कान. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर पोटाएवढा एक पिवळट डाग उरला आणि बाया रडकुंडीला आल्या. कोणी म्हणालं, विटाळ झाला. कोणी म्हणालं, त्या घरात काहीतरी चुकलं असंन. तेवढ्यात काका आमच्या दारात येऊन उभे राहिले, आणि पन्नासेक माणसांसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "चुकलं बिकलं काही नाही. माझ्या कूलरचं टाकं गळून राहिलं होतं. मी कूलर बंद केला, देव गेला. पुन्हा चालू करतो, सांजेलोक येऊन जाईन."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. हुडकेश्वरचा एक म्हातारा आईकडं वळून म्हणाला, "कूलरच्या पाण्याले पाया पडाले लावलं काय वं बाई आमाले?"  आई पदर सावरून स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री बाबा पहिल्यासारखे म्हणाले, "तुले काय समजते?" आणि पाण्याचा पेला मागितला.

मला काकांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. सत्य असेल तर असो बापडं, पण माझी आई आठ दिवस माणसांत आली होती, तिला यांनी पुन्हा चुलीपाशी नेऊन बसवलं. मी त्यांच्याकडं जाणं बंद केलं. गल्लीचंही तेच. चहावाला त्यांना चहा देताना कप आपटायचा. "देव घालवला गल्लीचा," म्हणायचा. शेजारचा एक जण म्हणायचा, "अन् पोरं बिघडवली ते? माझा पोरगा मले विचारते, तुमचं ऐकायचं ते काहून?" काका आपले सगळ्यांना नेहमीसारखे विचारत राहिले, फक्त उत्तर देणारं कोणी राहिलं नाही.

असा पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काळी मारबत, पिवळी मारबत हे बायांचे मोठाले पुतळे, आणि त्यांच्यामागं गल्लीगल्लीचे बडगे, म्हणजे बांबू, तणस आणि कागदाचे पुतळे. ज्याचा गल्लीला त्रास, त्याचा बडग्या. त्याला मिरवायचं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. आमच्या गल्लीचा बडग्या गेली पाच वर्षं माझ्या हातचा असायचा. मागच्या साली महागाईचा केला होता, त्याच्या आदल्या साली डासांचा. यंदा पोरं म्हणाली, "काहूनकाकाचा करू." माझ्याकडं पाहत होती. मी म्हटलं, "करू ना. काहून नाही करायचा?"

राग हा फार चांगला कारागीर असतो. मी मडक्यावर कागद चिकटवून काकांचं तोंड केलं. ते वाकडं नाक, वर सरकवलेला चष्मा, डोक्याला मफलर, हातात छत्री, पुढं झुकून काहीतरी विचारण्याच्या बेतात असलेला तो माणूस. इतका हुबेहूब झाला की पोरांनी पाहून आधी नमस्कार केला. मी पुतळा गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली उभा केला आणि मागं सरून पाहिला.  दोन वर्षांचा इतका अभ्यास असूनही मला वाटत होतं की तो आता म्हणेल, "मीच काहून गा?"

पोळ्याच्या सकाळी काकांचं दार उघडं होतं. मी जाता जाता आत पाहिलं. पलंगावर ट्रंक उघडी. काका बिस्तरा गुंडाळून त्याला पट्टा आवळत होते. म्हणजे त्यांना कळलं होतं. उद्या ही गल्ली वाजतगाजत त्यांना 'जा' म्हणणार होती, आणि ते शब्दाचे पक्के होते. मला आत जाऊन पाय धरायचे होते. पण पाच-सहा पोरांसमोर शेखी मिरवून बसलो होतो, आणि आईचा चेहरा आठवला की पुन्हा डोकं फिरायचं. मी तसाच पुढं गेलो. भित्रा होतो, दुसरं काय.

दुपारी पुरणपोळ्या हाणून सगळी गल्ली कडुनिंबाखाली जमली. बडग्याला जुन्या जोड्यांची माळ घालायची होती. तेवढ्यात काका आले. माणसं बाजूला सरकली. काका पुतळ्याच्या भोवती एक चक्कर मारून आले, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "चष्म्याची दांडी उजवीकडून दोऱ्यानं बांधली हाये मी. तू डावीकडून बांधली."

मी खाली मान घातली.

"बाकी झकास. पण एक सांगा, हा घेऊन काय जाईन?"

चहावाला म्हणाला, "काय म्हणजे?"

"म्हणजे उद्या तुम्ही ओरडान ना, अमुक घेऊन जा गे मारबत. महागाईच्या बडग्यानं महागाई नेली, डासाच्यानं डास. मी काय नेऊ?"

आता खरी गंमत झाली. चहावाला म्हणाला, "काहून घेऊन जा." दुसरा म्हणाला, "असं कसं, काहून गेलं तं पोट्टे शाळेत काय विचारतीन?" एक जण म्हणाला, "खरं बोलणं घेऊन जा म्हणा." त्याची बायको मागून म्हणाली, "ते तुमच्यात होतं कुठं न्यायाले?" हशा झाला. न्हावी म्हणाला, "अपशकून घेऊन जा." त्याला दुसऱ्यानं विचारलं, "अपशकून कूलरचा का काकाचा?" अर्धा तास माणसं भांडत होती. पुस्तकात 'जगातील अनिष्टाचा प्रश्न' नावाचं अख्खं प्रकरण होतं, त्यात मला जे समजलं नाही ते त्या कडुनिंबाखाली चाललं होतं. वाईट नेमकं कशात आहे तेच कोणाला सांगता येईना, आणि सांगितलं तर शेजारी विचारायचा, काहून? काका मात्र हसत नव्हते. एरवी असल्या वादात त्यांचा चेहरा फुलायचा.

आणि आई आली. हाताला पुरणपोळीचं पीठ तसंच होतं. गल्लीच्या बैठकीत ती कधी आलेली नव्हती.  बाबा पुढं होऊन म्हणाले, "तू काहून आली इथं?" तिनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, एक विचारू काय?"

"विचारा ना वहिनी."

"आपल्या दोन घरांत भिंत एकच हाये. तुमाले समजलं का टाकं गळून राहिलं, तं त्या भिंतीवर दोन थापा मारून मले सांगतलं असतं. मी दार लावून घेतलं असतं, लोकांले काही बी सांगून वापस लावलं असतं. पन्नास माणसांत काहून सांगतलं?"

काकांनी तोंड उघडलं. तसंच मिटलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मी त्या माणसाला सगळ्यांची बोलती बंद करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांची बंद झालेली मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "मी भिंतीचा विचार केला. पाण्याचा केला, चुन्याचा केला, तीन दिवस उकडत पडलो. तुमचा विचार माझ्या डोक्यातच नाही आला." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं. लई चुकलं. पन्नासांत बोललो, म्हणून पन्नासांतच माफी मागतो." आणि त्यांनी वाकून आईच्या पायाला हात लावला.

आईनं पाय मागं घेतले नाहीत.

काका उठून उभे राहिले. "घेऊन जा याले उद्या," माझ्याकडं पाहत म्हणाले. "याची घमेंड घेऊन जा म्हणजा. मी बी सकाळच्या गाडीनं निघतो."

"तुमाले जा म्हटलं कोणी?" आई म्हणाली. "चुकलं म्हणणारा माणूस गल्लीतून घालवला तं उरन कोण इथं?" ती एकेकाच्या तोंडाकडं पाहत गेली. चहावाल्याकडं पाहिलं तेव्हा तो कडुनिंबाचा पाला मोजायला लागला. मग ती माझ्याकडं वळली. "तू. तोंड काढ त्या बडग्याचं."

"अन् काय लावू?"

"कूलर लाव. गळून राहिला होता तो कूलर, भाऊजी नाही."

आधी चहावाला हसला. तोच पहिला हसला म्हणून सांगतो, त्याला मी त्या दिवशी सगळं माफ केलं. मग सगळी गल्ली हसली. पोरं बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली, कोणी तणसाच्या ताट्या केल्या, न्हाव्यानं आपला मोडका पंखा दिला. काका स्वतः पुढं बसून सांगत होते, टाक्याला भोक कुठं पाडायचं. मी मडक्याचं तोंड सोडवत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पोरांना सांगितलं, खळ डोळ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी आमचा बडग्या इतवारीतून निघाला. धोतर नेसलेला, हातात छत्री, आणि धडावर गळका कूलर. बाटलीनं पाणी ओतलं की टपटप गळायचा. लोक दुतर्फा पोट धरून हसत होते. "गळका कूलर घेऊन जा गे मारबत" म्हणून आम्ही घसा फोडला. काका पुढं चालत होते आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडत होते. परत येऊन त्यांनी बिस्तरा सोडला. जबलपूरला पत्र टाकलं की सध्या येणं जमत नाही, शेजारच्या पोराची परीक्षा आहे.

मी जाळून-बिळून घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. आई मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती, डाग असलेल्या त्या भिंतीला पाठ लावून. कालपासून मनात होतं ते मी विचारलं.

"आई, तुले त्या दिवशी कसं वाटलं वं, समजलं तेव्हा, का हा गणपती नाही म्हणून?"

"कोणत्या दिवशी?"

"काका बोलले त्या दिवशी."

"त्या दिवशी काय समजायचं होतं?" ती तांदळातून हात न काढता म्हणाली. "मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. त्यांच्या कूलरचा आवाज बंद झाला का तासाभरात सोंड सुकाले लागे. आवाज सुरू झाला का पुन्हा ओली. भिंतीच्या अलीकडं दिवसभर मीच असते ना."

मी खाली बसलो. म्हणजे काकांनी तीन दिवस भाजून घेऊन जे शोधलं, ते आईनं भाकऱ्या थापता थापता आधीच शोधलं होतं.

"मग सांगतलं काहून नाही?"

"कोणाले सांगू?" तिनं आता वर पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "तुझे बाबा हात जोडून उभे राहिले. तू बी जोडले. गल्ली पाया पडली. भाऊजी आले ते भिंतीचा वास घेऊन गेले. मले विचारलं कोणी? एकानं बी नाही म्हटलं का बाई, तुले काय वाटते, हे काय हाये. विचारलं असतं तं सांगतलं असतं."

मी दोन वर्षं दर संध्याकाळी भिंतीपलीकडं जाऊन बसत होतो, माणसाला काय कळू शकतं हे विचारायला. भिंतीच्या अलीकडं कधी विचारलं नव्हतं. बाबा ओसरीवर होते; त्यांना सगळं ऐकू जात असावं, कारण त्यांच्या वर्तमानपत्राचं पान केव्हाचं उलटलं नव्हतं.

"मग आता विचारतो," मी म्हटलं. "तुले काय वाटते?"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल बी."

आईनं सूप बाजूला सारलं आणि थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं, मी थट्टा तर करत नाही ना ते पाहायला. मग ती बोलायला लागली. दिवेलागणीपर्यंत बोलत होती. मधे एकदा बाबा उठून आत आले, कोणाला काही न म्हणता चूल पेटवून चहाचं आधण ठेवलं आणि आमच्याजवळ येऊन बसले. हे तिला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो.